गर्भावरचे अदृश्य संकट : लेखांक सातवा – सायटोमेगॅलो विषाणू

मागील लेखांकात रुबेलाचा वृत्तांत देताना, 1941 साली सिडनीतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी तान्ह्या मुलांच्या मोतीबिंदूवरून मातेच्या पुरळापर्यंतचा माग कसा काढला, हे आपण पाहिले. त्या रोगाला निदान पुरळाची खूण तरी असते, आणि 2018 च्या अखेरीस महाराष्ट्रातील शाळाशाळांतून त्याची लसही टोचली गेली. आजच्या लेखांकाचा विषय असलेल्या सायटोमेगॅलो विषाणूला या दोहोंपैकी एकही गोष्ट नाही. मातेला बहुधा किरकोळ तापसुद्धा आठवत नाही, लस अद्याप व्यवहारात आलेली नाही. आणि तरीही गर्भावस्थेत मुलाला जडणाऱ्या विषाणुसंसर्गांत जगभर याचाच क्रमांक पहिला लागतो.

1881 साली रिबर्ट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञास एका मृतजात अर्भकाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या, परंतु त्यांचा अर्थ त्यास लागला नाही. विषाणू प्रयोगशाळेत हाती येण्यास 1956 साल उजाडावे लागले.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनाप्रमाणे संपन्न देशांत सुमारे दोनशे नवजातांमागे एक, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे सत्तरांमागे एक मूल हा संसर्ग घेऊन जन्मास येते. यातील विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. कांजिण्यांच्या विषाणूचा हा भाऊबंद एकदा शरीरात शिरला की जन्मभर तेथेच ठाण मांडतो. आपल्या देशात शंभरातील नव्वदांहून अधिक स्त्रियांना तो मातृत्वापूर्वीच होऊन गेलेला असतो. आणि ज्या मातेजवळ प्रतिकारशक्ती तयार आहे तिच्या गर्भाला भय नाही, अशी वैद्यांची दीर्घकाळ खातरजमा होती. ती फोल ठरली. ब्राझीलमधील रिबेराव प्रेतो येथे जवळजवळ सर्वच माता पूर्वसंसर्गित असताना शंभरांत एक मूल बाधित आढळले, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2008 साली एका निमशहरी वस्तीतील जी पाहणी प्रसिद्ध केली तीत हे प्रमाण शेकडा दोन भरले. जुना विषाणू गर्भारपणात पुन्हा जागा होतो किंवा त्याचाच निराळा वाण बाहेरून येतो. आणि विषाणू जेथे सर्वांच्याच अंगी आहे तेथे अशा संधीही अधिक.

बाहेरून येण्याचा मार्ग मात्र अगदी घरगुती आहे. सिंदखेड राजा तालुक्यातील मौजे दुसरबीड घ्या, अथवा जालना-मेहकर वाटेवरचे कोणतेही गाव घ्या. थोरल्या पोराच्या ताटात उरलेली उष्टी भाकर टाकवत नाही म्हणून ती पोटात ढकलणारी गर्भवती तेथे घरोघर भेटेल. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन् महिने उतरत असतो. अन्न वाया न घालवण्याचा तो संस्कार मला आदरणीय वाटतो, त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु गर्भारपणाचे नऊ महिने ते उष्टे दुसऱ्या कोणी खावे, आणि पोराचे ढुंगण धुतल्यावर किंवा लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, इतके तिला कोणीतरी सांगावयास हवे. बहुतेक ठिकाणी ते सांगितले जात नाही.

बाधित मुलांपैकी दहांतील नऊ जन्मतः धडधाकट दिसतात. परंतु या निरोगी दिसणाऱ्यांतीलही शंभरातील दहा-पंधरांची श्रवणशक्ती पुढे घटते, कित्येकदा जन्मवेळची परीक्षा सुरळीत पार पडल्यावर दोन-तीन वर्षांनी. मूल बोलत नाही म्हणून आईबाप वैद्याकडे नेतात, तोवर कारण सिद्ध करण्याची मुदत केव्हाच टळलेली असते. ही मुदत एकवीस दिवसांची. त्या अवधीत लाळेत किंवा लघवीत विषाणू सापडला तर संसर्ग गर्भातलाच. त्यानंतर सापडला तर तो प्रसूतिमार्गातून वा आईच्या दुधातूनही आलेला असू शकतो. (पूर्ण दिवसांच्या बाळास दुधातून आलेला हा विषाणू अपाय करीत नाही, त्याच्या धास्तीने कोणी अंगावरचे दूध तोडू नये.)

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत घडविलेल्या आणि 1999 साली जगासमोर मांडलेल्या घरगुती नवजात सेवेच्या धर्तीवर आशाताई आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी बाळंतिणीच्या दारी जाते. म्हणजे मुदत संपेपर्यंत चार भेटी होतात. बाळाचे वजन आणि ताप नोंदविला जातो, लाळेचा बोळा मात्र घेतला जात नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने 2019 पासून, तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 2023 पासून प्रत्येक नवजाताची तपासणी आरंभिली. तितका खर्च आपल्या सरकारास तूर्त झेपणार नसेल, तर निदान श्रवणपरीक्षेत अनुत्तीर्ण ठरलेल्या बाळाची लाळ एकवीस दिवसांच्या आत तपासण्याची तजवीज व्हावी; यूटा राज्याने 2013 साली कायद्याने एवढेच केले. त्याच वर्षी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहेच.

अडचण आहे ती दप्तराची. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, सव्वा महिन्याने किंवा त्याहूनही उशिरा सासरी येते, आणि माहेरच्या आशाताईची नोंद सासरच्या गावी पोचतेच असे नाही. लक्षणे असलेल्या बाळास पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने द्यावयाचे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध रक्तातील पांढऱ्या पेशी घटवीत असल्याने वारंवार रक्त तपासावे लागते. आणि लक्षणे नसलेल्या बाळाचे कान निदान शाळेत जाईपर्यंत ठरावीक अंतराने तपासावे लागतात. दोन गावांच्या दोन नोंदवह्यांत विभागलेल्या बाळाचा हा पाठपुरावा कोणी करावयाचा, याचा निर्णय तपासणीच्या आधी व्हावयास हवा. श्रवणपरीक्षेची यंत्रे कशी चालतात याचा विचार पुढील लेखांकी.