दहा किलोच्या वाफेवरचा टाका

जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या अवधान औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची शॉप पावलोपावली आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, शेडच्या कैच्या, जिनिंगच्या यंत्रांची मोडतोड ही त्यांची रोजची कामे. हात बसलेला असतो, उभ्या पत्र्यावरही टाका सरळ जातो. मग एखाद्या दिवशी तेलगिरणीचा मालक दारात उभा राहतो. "भाऊ, बॉयलरची नळी गळतेय. रात्रीतून जोडून द्या, सकाळी मिल चालू करायचीय."

कारागिराला ते जोडता येईल. पण दाखला नसलेल्या शॉपने बॉयलरला रॉड लावायचा नाही, असे कायदा सांगतो. हा दाखला छोट्या शॉपला मिळू शकतो. त्या वाटेवर कारागिराच्या कौशल्याची उणीव फारशी आडवी येत नाही. ते कौशल्य तपासणारी आणि नोंदवणारी व्यवस्था खान्देशात हाताशी नाही, हे माझ्या मते खरे दुखणे आहे.

कायदा इतका कडक का, हे आकड्यांत समजते. बॉयलरवरची माणसे ज्याला 'दहा किलो' (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो) म्हणतात, त्या दाबाला आतले पाणी सुमारे १८४ अंश सेल्सिअसवर असते. दाबाखाली असल्यामुळेच ते पाणी राहिलेले असते. शिवण फाटली आणि दाब एकदम उतरला, की त्यातला जवळपास सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. हजार लिटर पाण्याच्या छोट्या बॉयलरमधून अशी दोनशे घनमीटरहून अधिक वाफ सुटते. एवढी वाफ कोंडून धरणाऱ्या कवचात वेल्डिंगचे सांधेही येतात.

भारतात हे भान अपघातातूनच आले. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा पहिला कायदा झाला. प्रांताप्रांतांचे वेगवेगळे कायदे एकत्र करून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि १९५० मध्ये त्याखालची नियमावली, म्हणजे कारखान्यांत सगळे ज्याला आय.बी.आर. म्हणतात ती. अमेरिकेची गोष्टही अशीच. २० मार्च १९०५ रोजी ब्रॉक्टन गावातल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला, ५८ माणसे गेली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता तयार झाली.

खान्देशाला वाफ नवी नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, भुसावळचे रेल्वे शेड यांनी इथे फिटर आणि बॉयलरवाले घडवले. पुढे साखर कारखाने आले: फैजपूरचा मधुकर, चाळीसगावचा बेलगंगा, साक्रीकडचा पांझरा-कान, शिरपूरचा. दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे, दूध संघ आहेत, तेलगिरण्या आहेत. कापडगिरण्या बंद पडल्या, काही साखर कारखान्यांचीही चाके थांबली, पण वाफेची गरज मध्यम आणि छोट्या उद्योगांत विखुरली. अशा ठिकाणी बोअरचे जड पाणी नीट प्रक्रिया न करता बॉयलरला गेले, की नळ्यांवर क्षारांचा थर बसतो. थरामुळे धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी तापते, फुगते आणि गळते. दुरुस्तीची मागणी इथून येते.

शॉपच्या मालकाने आधी ओळखायचे ते भांडे कोणत्या कायद्याखाली येते हे. बाहेरून सगळ्या टाक्या सारख्याच. २५ लिटरपेक्षा लहान किंवा १ किलोपेक्षा कमी दाबाचे पात्र बॉयलरच्या व्याख्येत बसत नाही. त्यावरचे, वाफ तयार करून बाहेर पुरवणारे पात्र बसते. ते राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे. कॉम्प्रेसरची हवेची टाकी वेगळी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३१ ने तिच्यासाठी चौकट घालून दिली आणि सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी घ्यायची पद्धत रुजली. एलपीजीसारख्या दाबाखालच्या वायूच्या १००० लिटरवरच्या टाक्या २०१६ च्या नियमांखाली स्फोटके खात्याकडे, म्हणजे 'पेसो'कडे जातात. त्या खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे. वायूच्या टाकीला आत काय उरले आहे हे न तपासता ठिणगी दाखवणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे छोट्या शॉपने हात घालूच नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

सुरुवात बॉयलरच्या दुरुस्तीपासून करावी. आय.बी.आर.च्या ३९२ व्या विनियमात दुरुस्ती करणाऱ्यांचे वर्ग आहेत. तिसरा वर्ग १७.५ किलोपर्यंत, दुसरा ४० पर्यंत, पहिला १२५ पर्यंत आणि त्यावर विशेष वर्ग. तेलगिरणी, दूध प्रकल्प, रंगकाम अशा ठिकाणचे बहुतेक छोटे बॉयलर तिसऱ्या वर्गाच्या मर्यादेत येतात. अर्जासोबत यंत्रसामग्री, तांत्रिक देखरेख करणारा माणूस, प्रमाणित वेल्डर आणि चाचणीची सोय दाखवावी लागते. निरीक्षक येऊन शॉप पाहतो. वर्ग चढेल तशी अपेक्षा चढते.

खरी कसोटी वेल्डरची. आयटीआयमधला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, पण ते प्रमाणपत्र इथे पुरत नाही. बॉयलरच्या वेल्डरला निरीक्षकासमोर नमुना जोडून दाखवावा लागतो. तो नमुना कापतात, वाकवतात, आतून तपासतात. पास झाल्यावरचे प्रमाणपत्रही दोन वर्षांपुरतेच. पाईप आडवा धरून खालून वर जोडताना मुळाचा थर आतून पूर्ण वितळला पाहिजे. ट्रॉलीच्या कामात हा थर कोणी पाहत नाही, म्हणून तिथे नाव कमावलेले हातही पहिल्या फेरीत नापास होतात. त्यात लाज काही नाही.

दुसरी अडचण रॉडची. ग्रिलच्या कामाला ६०१३ चा रॉड पुड्यातून काढला की चालतो. दाबाच्या कामाला सहसा ७०१८ लागतो आणि तो ओलावा धरतो. त्या ओलाव्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि काम संपल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, केसाएवढी भेग पडते. म्हणून रॉड ३०० अंशांच्या वर भट्टीत भाजायचे, मग गरम पेटीत ठेवायचे आणि लागतील तेवढेच काढायचे. जळगावच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते. खरी परीक्षा पावसाळ्यात. रॉडची भट्टी ही फार महागडी वस्तू नाही. ज्या शॉपला दाखल्याकडे जायचे आहे, त्याने पहिला पैसा तिथे घालावा.

पैशापेक्षा जड जाते ती वही. कोणती प्लेट, तिचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतणीचा क्रमांक, काय, कोणत्या पुड्यातला रॉड, किती अँपिअर, कोणी जोडले, कोणी पाहिले, हे सगळे लिहायचे. ठरलेली वेल्डिंग पद्धत आधी लिहून, नमुन्यावर सिद्ध करून घ्यायची आणि मग तिच्या बाहेर जायचे नाही. बॉयलरच्या रचनेत बदल किंवा नवा भाग बसवायचा तर आधी खात्याची मंजुरी. भंगारातून आणलेली, बिनकागदाची प्लेट कितीही जाड असली तरी इथे निरुपयोगी. आमच्याकडची उधारी-विश्वासाची पद्धत तोंडी चालते, आणि नेमक्या याच जागी चांगली शॉप मागे फिरतात. तीन वर्षांनी तोच सांधा गळला, तर कारण शोधायला त्या वहीशिवाय दुसरे काही हातात नसते.

सांध्याच्या आतले पाहायला क्ष-किरण किंवा इरिडियम-१९२ चा स्रोत लागतो. तो बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस हवा. इरिडियमची तीव्रता ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे काम असो-नसो खर्च चालूच. एकट्या शॉपने हे विकत घेणे वेडेपणाचे. सेवा भाड्याने घ्यायची. पण दोन सांध्यांसाठी बाहेरगावाहून गाडी बोलावली तर दुरुस्तीपेक्षा तपासणीच महाग पडते, आणि मग मालक पुन्हा रात्रीतून जोडून देणारा माणूस शोधतो.

१ मे २०२५ पासून १९२३ च्या जागी नवा बॉयलर कायदा लागू झाला आहे. जुन्यातल्या सातपैकी चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली, बाकीच्यांना दंड. दुरुस्ती पात्र आणि सक्षम माणसांकडूनच व्हावी, यावर त्यात स्पष्ट भर आहे. भर योग्यच आहे, पण असे सक्षम हात जिल्ह्यात तयार झाले तरच तो गिरणीपर्यंत पोहोचेल.

त्यासाठी मोठा प्रकल्प लागणार नाही. जळगाव आणि धुळ्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगच्या कार्यशाळा आहेतच. त्यांपैकी एका ठिकाणी नमुने वाकवायचे यंत्र, रॉडची भट्टी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेणारा पंप ठेवावा, आणि बॉयलर निरीक्षकांनी वर्षातून ठरलेल्या तारखांना तिथेच वेल्डरची परीक्षा घ्यावी. रेडिओग्राफीची गाडी त्याच दिवसांत बोलावली तर तिचा खर्च दहा शॉपांत वाटला जाईल. तारखा पावसाळ्याआधीच्या ठेवाव्यात: तेव्हा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपलेला असतो, बॉयलर थंड असतात आणि दुरुस्तीची कामे तेव्हाच निघतात.