टेनिसचा वस्ताद आणि आपली मुलं



या पानावर नेहमी बेणे, लागण आणि पाण्याच्या पाळीबद्दल लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. गटात फिरताना अलीकडे दोघा-तिघा सभासदांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, पोरगी टेनिस शिकायचं म्हणतीया. एकटीला शिकवायची सर वेगळी फी घेत्यात. घालावं का पैसं?" प्रश्न पैशाचा आहे, तसा पोरीच्या उमेदीचाही आहे.

टेनिस म्हणजे मुंबई-पुण्याच्या जिमखान्यातला खेळ, असे आपल्याकडे अजून बोलतात. पण विम्बल्डनने २०२२ साली १४ वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा प्रथमच भरवली. जगभरातून १६ मुली निवडल्या गेल्या आणि त्यांत आपल्या जिल्ह्याची ऐश्वर्या जाधव होती. तिचे गाव पन्हाळा तालुक्यातले यवलूज. कोल्हापुरातच अर्शद देसाई यांच्याकडे ती शिकली. तेव्हा हा खेळ आपल्या मातीत रुजत नाही, असे आता म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे. उदगाव-अंकलीचा पूल ओलांडला की सांगली. तिथे १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायात त्यांनी सेलंगरची स्पर्धा जिंकली. बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय किताब मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी मात्र टेनिसच धरले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. एका खेळात झालेली अंगमेहनत दुसऱ्या खेळात वाया जात नाही, एवढे यातून घ्यावे. पोरीने उद्या खेळ बदलला म्हणून फी पाण्यात गेली, असे समजू नये.

आता एकट्याला शिकवण्याचा फायदा काय? तालमीत वस्ताद प्रत्येक पोराचा डाव वेगळा बघतो, तसेच हे आहे. दहा मुलांच्या गटात एकाच्या वाट्याला चेंडू थोडे येतात. एकट्याच्या तासात सर टोपलीतून चेंडू देत राहतात आणि मनगट, खांदा, पायाची जागा तिथल्या तिथे सुधारतात. चुकीची सवय खोडव्यातल्या रोगासारखी असते, लवकर उपटलेली बरी. पण रोजच एकट्याचा तास लागत नाही. आठवड्यात एक तास सरांकडे आणि बाकीचे दिवस सोबत्यांबरोबर, हे बहुतेकांना पुरते. दोघा-तिघा सभासदांच्या मुलांनी मिळून तास घेतला तर फीही वाटली जाते. आणि घरच्या भिंतीवर तीन फुटांवर चुन्याची रेघ मारली, तर सरावाला दुसरा गडी लागत नाही. जाळी मध्यभागी तेवढीच उंच असते.

सर कसे निवडायचे? लहान मुलाच्या हातात पहिल्या दिवशीच मोठी २७ इंची रॅकेट आणि पिवळा चेंडू देत असतील, तर विचार करा. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. त्याप्रमाणे कोर्टही लहान घेतात. १० वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१२ पासून आहे. कोवळ्या रोपाला एकदम सगळा डोस आपण देत नाही, तसेच हे. रॅकेट घ्यायची घाई नको. पहिला महिना सरांचीच वापरावी.

शिकायला वयाची अट नाही. जगात ३० वर्षांपुढच्यांसाठी वयोगटवार स्पर्धा होतात, त्या अगदी नव्वदीपर्यंत. चाकाच्या खुर्चीवरून खेळण्याचे टेनिस १९७६ पासून आहे. त्यात चेंडूचे दोन टप्पे चालतात, बाकी खेळ जवळजवळ तोच. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून आपले चालणे कमी झाले आहे, साखर कारखान्यात जाते तशी रक्तातही वाढते आहे. पन्नाशीच्या सभासदाने पोराबरोबर कोर्टावर जायला काय हरकत आहे? गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून आणि दुहेरी खेळून सुरुवात करावी.

राहिला प्रश्न पैशाचा. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे खरे, पण ते राज्य-राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांना. त्या आशेवर कर्ज काढून फी भरू नका. ऊसबिलातून संसार, शेती आणि शिक्षण भागून जे उरते, त्यात बसेल तेवढेच शिकवा. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मुलाला "सर लाव" म्हणणारे घर मुलीला मात्र "लगीन झाल्यावर काय उपयोग?" म्हणते. तसे करू नका. तिचे ताठ खांदे आणि हरून पुन्हा उभे राहण्याची सवय सासरीही तिच्याबरोबरच जाणार आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी