कंटेनर खरंच मेमरी खातो का?

सुरतजवळच्या पलसाण्यात कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिल आहेत. अशा मिलच्या ऑफिसात १६ जीबीच्या डेस्कटॉपवर मालाच्या नोंदींसाठी कंटेनर चालवणारं डॉकर बसवलं, की टास्क मॅनेजरमध्ये कित्येक जीबी मेमरी अडकलेली दिसू शकते. दोष कंटेनरला दिला जातो, पण तो बहुतेकदा चुकीचा असतो. कंटेनर हा वेगळा संगणक नव्हे. ती लिनक्स कर्नलवर चालणारी, इतरांपासून वेगळी ठेवलेली साधी प्रोसेस असते. तिच्या मेमरीचा हिशेब २००८ मध्ये लिनक्समध्ये आलेली सीग्रुप यंत्रणा ठेवते. विंडोजकडे हा कर्नल नसल्यामुळे डॉकर आधी एक आभासी लिनक्स यंत्र उभं करतं. टास्क मॅनेजरमधला आकडा त्या संपूर्ण यंत्राचा असतो.

कुणी म्हणेल, आकडा कोणाचाही असो, मेमरी तर गेलीच! हे अर्धंच खरं आहे. कर्नल मोकळ्या मेमरीत वाचलेल्या फायलींची कॅश ठेवतो आणि दुसऱ्या प्रोसेसला गरज पडताच ती सोडतो. मात्र ही जागा विंडोजला लगेच परत मिळेलच असं नाही. म्हणून आभासी यंत्राला, विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये, आणि प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र मर्यादा घालावी. मर्यादा फार आवळली तर कर्नल प्रोसेस बंद पाडतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी ऐन कामाच्या वेळी ‘डॉकर स्टॅट्स’ या कमांडने वापर पाहावा आणि मर्यादा त्याहून थोडी जास्त ठेवावी. नवी रॅम विकत घेण्याआधी एवढं जरूर करा.