पदवीनंतरच्या बहिणी

माझ्या भावाची मुलगी शिकायला अमेरिकेत आहे. गेल्या वर्षी एका रविवारी तिचा फोन आला, "फुफी, मला इथं सोरोरिटीत बोलावलंय. जाऊ का?" मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. म्हटलं, "बेटा, आधी ते काय असतं ते तरी सांग." काही तिनं सांगितलं, काही मी वाचून काढलं.

लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची जी सभासद मंडळं असतात त्यांना सोरोरिटी म्हणतात, मुलग्यांच्या मंडळांना फ्रॅटर्निटी. नावं ग्रीक अक्षरांची, म्हणून या सगळ्या पसाऱ्याला 'ग्रीक लाइफ'. ग्रीस देशाशी नातं एवढंच, अक्षरांपुरतं! ही चाल १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या 'फाय बीटा कप्पा'पासून पडली. इंडियाना राज्यात मुलींनी 'कप्पा अल्फा थीटा' स्थापन केली ती १८७० मध्ये. मुलींना कॉलेजची दारं नुकतीच उघडली होती आणि वर्गात त्या मूठभर होत्या. एकमेकींचा आधार ही त्यांची हौस नव्हती, गरज होती.

ही गरज कृष्णवर्णीय मुलींना दुहेरी होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली 'अल्फा कप्पा अल्फा' निघाली. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस तिथल्याच सभासद. पुढे १९१३ च्या जानेवारीत त्याच विद्यापीठात 'डेल्टा सिग्मा थीटा'ची स्थापना झाली आणि ३ मार्चला तिच्या मुली वॉशिंग्टनमधल्या स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात चालल्या. संस्था जेमतेम दोन महिन्यांची, आणि पहिलं मोठं काम हे!

या मंडळांत पदवी मिळाली म्हणून नातं सुटत नाही. गावोगावी पदवीधर सभासदांच्या शाखा आहेत. त्या शिष्यवृत्त्या देतात, मतदार नोंदणीसाठी दारोदार फिरतात. कॉलेज संपल्यावर, चाळिशीतसुद्धा, नव्यानं सभासद होता येतं. वर्गणी भरत राहावी लागते, तरच तुम्ही चालू सभासद. आणि एखादी बहीण वारली की बाकीच्या पांढऱ्या पोशाखात येऊन तिला आपल्या रीतीनं निरोप देतात. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

पण चित्राची दुसरी बाजूही भाचीला सांगणं भाग होतं. नव्या सभासदांचा छळ, ज्याला तिकडे हेझिंग म्हणतात, तो आपलाच रॅगिंगचा प्रकार. त्यात मुलांचे जीव गेले आहेत, बहुतेकदा जबरदस्तीनं पाजलेल्या दारूनं. बऱ्याच सोरोरिट्यांच्या घरांत दारूला बंदी असते, म्हणून पार्ट्या होतात त्या मुलग्यांच्या घरी. म्हणजे घर त्यांचं, दार त्यांचं, पेला त्यांचा, आणि मुली पाहुण्या. मला विचाराल तर निम्मं दुखणं इथंच आहे.

छळाची साखळी कशी चालते हे सांगायला मला अमेरिकेत जायला नको. मी होस्टेलवर गेले त्या पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलींनी मला मध्यरात्री टेबलावर उभं केलं. माझं नाव पुनःपुन्हा म्हणायला लावून त्या हसल्या. पुढच्या वर्षी टेबलावर दुसरी मुलगी होती आणि हसणाऱ्यांत मी होते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला १९९९ साली. तोवर आम्ही केव्हाच बाहेर पडलो होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये देशव्यापी कायदा झाला. कोणत्या मंडळानं छळ केला हे आता कॉलेजांना नावानिशी जाहीर करावं लागतं.

कायदा हवाच. पण चार वर्षांत सगळ्या मुली बदलतात. काल जिनं सोसलं तीच आज कारभारीण असते. 'हे आपल्याकडे पूर्वी नव्हतं' किंवा 'होतं, आणि चूक होतं' असं सांगायला पन्नाशीची एखादी बहीण त्या घरात यायला हवी. नुसती स्नेहसंमेलनाच्या फोटोपुरती नव्हे. शाखेची सल्लागार म्हणून महिन्यातून एक संध्याकाळ द्यायला हवी. मुलीनं रात्री फोन केला तर तो उचलायला हवा.

अर्थात, ज्येष्ठ बहीण आली म्हणजे भलंच होतं असं नाही. अलाबामा विद्यापीठात १९६३ साली वर्णभेदाची भिंत पडली. त्यानंतर ५० वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, विद्यार्थ्यांच्या 'क्रिम्झन व्हाइट' या वृत्तपत्रानं छापलं, की गोऱ्या सोरोरिट्यांत कृष्णवर्णीय मुलीला नाकारण्यात आलं. सभासद मुलींचंच म्हणणं असं, की आम्हाला ती हवी होती, आडव्या आल्या त्या आमच्या माजी विद्यार्थिनी. मुलींनी नावानिशी तोंड उघडलं, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, विद्यापीठाला प्रवेशप्रक्रिया पुन्हा खुली करावी लागली आणि काही कृष्णवर्णीय मुली आत गेल्या. तिथं थोरल्यांना धाकट्यांनी शिकवलं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. बिल तिच्याच खात्यावर! तिनं मला आणखी एक माहिती दिली. २००५ साली व्हर्जिनियात मुस्लिम मुलींसाठी 'गामा गामा काय' नावाची सोरोरिटी निघाली, तिच्यात दारू मुळीच नाही आणि इतर धर्मांच्या मुलींनाही मज्जाव नाही. मी म्हटलं, "मग तिथंच जा की." ती म्हणाली, "फुफी, आमच्या कॉलेजात तिची शाखा नाही. आणि मला जरा वेगळ्या मुलींतही राहून बघायचंय."

मग ती आपल्या कॉलेजातल्याच एका सोरोरिटीच्या चहाला गेली. तिथं तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या जुन्या बहिणी इथं येतात का, आणि आल्या तर काय करतात?" मुली एकमेकींकडे बघू लागल्या म्हणे. मग कोपऱ्यातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी येऊन बसल्या.