कुकरचे झाकण आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व

सोलापुरातील एखाद्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ शिजत असता कुकरमधील वाफेचा दाब वाढून पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि शिटीचे भोक डाळीच्या फेसाने तुंबलेच, तर झाकणाच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधील मिश्रधातू वितळून वाफेला वाट देतो. तो व्हॉल्व्हच सदोष निघाला आणि झाकण उडून गृहिणीचा चेहरा भाजला, तर कसूर कोणाचा?

जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची फिर्याद स्कॉटलंडमधील ज्या बाईने केली, तिने ती बाटली स्वतः विकत घेतलेली नसतानाही उत्पादकावर सावधगिरीचे कर्तव्य आहे, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली ठरविले. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने, घडणीत वा रचनेत दोष असल्यास, इतकेच नव्हे तर धोक्याची पुरेशी सूचना दिली नसल्यासही, उत्पादकास जबाबदार धरले आहे. गिऱ्हाइकाने वस्तूत परस्पर फेरफार केला असल्यास मात्र विक्रेत्यावर दावा चालत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती सोय अशी, की कारखाना कितीही दूर असो, फिर्यादीस राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगापुढे, दाद मागता येते. मुदत २ वर्षांची. तोवर तो फुटका कुकर भंगारात देऊ नये. झाकण, व्हॉल्व्ह आणि पावती एकत्र बांधून ठेवावी.