परतीचा घाट

परदेशातील सायकल-सफर प्रकृतीच्या कारणाने मध्येच आटोपून विमानाने घरी येणे हेही त्या सफरीचेच एक कलम आहे, आणि त्याची तजवीज प्रस्थानापूर्वीच व्हावयास हवी.

ताजिकिस्तानच्या दुशान्बे या राजधानीतून निघून, पंज नदीच्या काठाने पलीकडचा अफगाणिस्तान पाहत खोरोगला पोहोचणारा, तेथून पामीरच्या उजाड पठारावर चढून अखेर किरगिझस्तानातील ओश शहरी उतरणारा महामार्ग आज देशोदेशींच्या सायकलस्वारांना खुणावतो आहे. परंतु या मार्गाचे एक वैशिष्ट्य नकाशावरून बोट फिरवताना सहसा ध्यानात येत नाही. पठाराच्या मध्यावरील मुरगाब हे गाव सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांश उरतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. अशा ठिकाणी जो आजारी पडेल त्याने खाली उतरावे, हा वैद्यकशास्त्राचा पहिला दंडक. पण उत्तरेस ओशकडे वळावे तर ४,६५५ मीटर उंचीची अक-बैताल खिंड आडवी येते, आणि पश्चिमेस खोरोगकडे वळावे तरीही ४,००० मीटरांहून उंच खिंडी ओलांडल्यावाचून सुटका नाही. उतरण्यासाठी जेथे आधी चढावे लागते, तेथे परतण्याचा निर्णय त्या गावाच्या पुष्कळ अलीकडेच घेतलेला बरा.

हा निर्णय मनाच्या उभारीवर सोपवणे धोक्याचे आहे, कारण विरळ हवेत मेंदूच थकलेला असतो आणि विवेकशक्तीच मंदावलेली असते. म्हणून त्याच्या शर्ती घरी, शांत चित्ताने, कागदावर लिहून ठेवाव्यात. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, ही त्यांतील पहिली शर्त. डोकेदुखीसह मळमळ, अन्नावरची वासना उडणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे दिसताच आणखी वर जाणे थांबवावे, आणि विश्रांतीनेही ती शमली नाहीत तर खाली उतरावे, ही दुसरी. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यावाटे फेस पडणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास फुप्फुसांत अथवा मेंदूत पाणी साचू लागले आहे असे मानून, रात्र असो वा दिवस, मिळेल त्या वाहनाने तत्काळ खाली न्यावे, ही तिसरी. आणि तिला अपवाद नाही.

अर्थात सफर मोडणारे सर्वच आजार उंचीचे नसतात. बहुतेकांना गाठतो तो अतिसार. त्यावरील उपाय आपल्या परिचयाचा आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे धडाधड मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्यांचे प्राण वाचवले, आणि त्याच तत्त्वावरची पाकिटे आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. मात्र शौचावाटे रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, किंवा प्यायलेले पाणी पोटात ठरत नसेल, तर पाकिटांवर विसंबून पुढचा पल्ला गाठण्याचा हट्ट सोडलाच पाहिजे.

परतण्याचे ठरले, स्वार ओशला उतरला, आणि आता विमानात बसले की यातायात संपली असे वाटू लागते, नेमका तेथेच दुसरा घाट सुरू होतो. विमानाच्या आतील हवेचा दाब जमिनीवरच्या इतका कधीच राखला जात नाही. तो कमाल सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका खाली येऊ दिला जातो, आणि काही नव्या विमानांत तो सुमारे १,८०० मीटरांच्या पातळीवर ठेवतात. म्हणजे जो रुग्ण जीव मुठीत धरून हजार मीटरांपर्यंत खाली आला, त्याला ही आसनव्यवस्था पुन्हा खोरोगहूनही किंचित उंच नेऊन बसवते. धडधाकट माणसाच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता तेथे नव्वद ते चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत उतरते आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु ज्याची फुप्फुसे नुकतीच न्यूमोनियातून किंवा पर्वतीय सुजेतून सावरत आहेत, त्याच्यापाशी ही घट सोसण्याइतकी शिल्लक असतेच असे नाही.

दाब घटला की कोंडलेली हवा प्रसरण पावते, आणि विमानात हे प्रसरण सुमारे तीस टक्क्यांपर्यंत होते. सर्दीने बंद झालेले कान ठणकतात ते यामुळेच. पण सायकलवरून पडून बरगडी मोडली असेल आणि तिच्या टोकाने फुप्फुस फाटून छातीत हवा शिरली असेल, तर हेच प्रसरण प्राणावर बेतते. म्हणून फुप्फुस पूर्ववत फुगल्याचे क्ष-किरण चित्रात सिद्ध झाल्यानंतरही एक ते दोन आठवडे उड्डाण वर्ज्य मानतात. नव्याने घातलेल्या प्लास्टरखाली सूज वाढते, यास्तव लांबच्या उड्डाणापूर्वी अठ्ठेचाळीस तास थांबावे, नाहीतर प्लास्टर उभे चिरून घ्यावे. चार तासांहून अधिक काळ निश्चल बसल्याने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली नमूद केले. निरोगी प्रवाशाच्या बाबतीत हा धोका मुळातच अल्प, पण पाय जायबंदी असेल आणि शरीर शोषलेले असेल, तर गुठळीस अटकाव करणाऱ्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

या कारणास्तव विमान कंपन्या अलीकडेच आजारी पडलेल्या प्रवाशाकडून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय नमुना मागतात, आणि त्याच्या मंजुरीसाठी दोन-तीन दिवसांची मुदत हाताशी ठेवावी लागते. आजार लपवून विमानात चढण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा. हवेत प्रकृती बिघडली तर वैमानिकाला वाट वाकडी करून विमान उतरवावे लागते, आणि त्या वेळी खाली रुग्णालय जवळ असेलच याची हमी कोण देणार? विम्याचेही तसेच. इस्पितळात दाखल होताच, शक्य तर त्यापूर्वीच, विमा कंपनीस इत्तला द्यावी, डॉक्टरांचा लेखी दाखला घ्यावा, प्रत्येक पावती जपावी. आणि सायकल-सफर व तिची उंची पॉलिसीच्या कक्षेत येते की नाही याची रुजुवात तर निघण्यापूर्वीच झालेली असावी.

सायकलची चिंता सर्वांत शेवटी करावी. पेडल काढणे, चाके सोडवणे, सारे खोक्यात बांधणे हे श्रमाचे काम आजारी माणसाने अंगावर घेऊ नये. सोबत्याकडे किंवा स्थानिक कारागिराकडे ते सोपवावे, आणि तेही न जमल्यास सायकल तेथेच विश्वासू हाती ठेवून यावे. मायदेशी पोहोचल्यावर पायाला सूज, छातीत कळ किंवा ताप दिसल्यास, आपण कोणत्या देशांतून आलो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, कारण गुठळीचा धोका प्रवासानंतरही काही आठवडे रेंगाळतो.

१९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले, आणि १९२८ साली ती पुरी करून परतले ते तिघे: आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा. त्या तिघांचा गौरव सर्वथा उचित आहे. परंतु अशा जिद्दीच्या चमूतही निम्म्यांचा मार्ग निरनिराळ्या कारणांनी मध्येच वेगळा झाला, ही वस्तुस्थिती आजच्या स्वाराने आणि त्याच्या घरच्यांनीही समजून घ्यावी. आपली सायकल-मंडळे पुऱ्या झालेल्या सफरींचे तक्ते अभिमानाने प्रसिद्ध करतात. त्यांच्याच दप्तरात अपुऱ्या सफरींचीही नोंद व्हावी. कोणत्या उंचीवर कोणते लक्षण दिसले, उतरण्यास वाहन कसे मिळाले, उड्डाणाची अनुमती किती दिवसांनी लाभली, विम्याने कोणती कागदपत्रे मागितली, हे ज्याने सोसले त्यानेच लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाणाऱ्या अनोळखी तरुणाला त्या नोंदीचा आधार मिळेल, आणि परतण्याची वेळ त्याला वेळेवर ओळखता येईल.