दिसणारी अडचण, न दिसणारा फायदा

रेंजफाइंडर कॅमेरा नव्याने हाती घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "व्ह्यूफाइंडरमध्ये खाली उजवीकडे हे काळं काय दिसतंय?" उत्तर सोपं आहे. ती त्याचीच लेन्स असते. आणि लेन्सवर हूड लावलेलं असेल, तर तो काळा भाग आणखी मोठा होतो.

एसएलआर कॅमेऱ्यात आपण थेट लेन्समधून पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी असते, डोळ्याच्या बाजूने पाहिलं तर वर डाव्या कोपऱ्यात. लेन्स तिच्या खाली आणि उजवीकडे. खिडकीच्या मध्यभागी एक उजळ चौकोन असतो. त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर नेमक्या बसवल्या की फोकस झाला. लायकाने १९३२ मध्ये ही सोय कॅमेऱ्यातच बसवली आणि १९५४ च्या एम ३ मध्ये पाहण्याची व फोकसची खिडकी एकच केली. कुणाच्या घरी कपाटात जुना याशिका इलेक्ट्रो ३५ असेल, तर तोही याच जातीचा.

वडोदऱ्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री ज्यांनी वापरला, त्यांना फोकसचा चौकोन नसला तरी वेगळ्या खिडकीची सवय असेलच. पण त्याची लेन्स एवढीशी, त्यामुळे ती नजरेच्या आड कधी आली नाही. आड येते ती मोठ्या अपर्चरची, म्हणजे 'फास्ट' लेन्स. जास्त प्रकाश आत घ्यायचा तर काच मोठी लागते. कॅननने १९६१ मध्ये कॅनन ७ सोबत ५० मिमी एफ ०.९५ ची लेन्स आणली. लायकाची नॉक्टिलक्स १९६६ मध्ये एफ १.२ ने सुरू झाली आणि २००८ मध्ये एफ ०.९५ वर पोचली. त्या शेवटच्या लेन्सचं वजन ७०० ग्रॅम आहे, लायकाच्या एम ६ सारख्या फिल्म बॉडीपेक्षाही जास्त!

एवढा खटाटोप कशासाठी? निरांजनाच्या उजेडात चाललेल्या आरतीचा फोटो फ्लॅश न मारता काढायचा असेल, तर एफ २ पेक्षा एफ १ ला चौपट प्रकाश मिळतो. १/१५ सेकंदाऐवजी १/६० सेकंद शटर चालतं. हलणारे हात आणि चेहरे हलल्यासारखे येतील की स्वच्छ, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

आता हूडकडे येऊ. फ्रेमच्या बाहेर जळणारा हॅलोजन किंवा दिव्यांची माळ काचेवर तिरका प्रकाश टाकते. तो लेन्सच्या आत इकडेतिकडे परावर्तित होतो आणि फोटोवर धुरकट पडदा पसरतो. काळं काळं राहत नाही, राखाडी होतं. हूड हा तिरका प्रकाश अडवतं, शिवाय काचेला बोटं लागू देत नाही.

मेख इथेच आहे. एसएलआरमध्ये हा धुरकटपणा फोटो काढण्याआधीच डोळ्यांना दिसतो. रेंजफाइंडरमध्ये तो दिसतच नाही. काचेवरचा बोटाचा ठसाही नाही. अहो, लेन्सचं झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं जग झकास दिसत असतं! म्हणजे हूडचा त्रास समोर दिसतो, उपयोग मात्र दिसत नाही. म्हणून लोक कंटाळून हूड काढून टाकतात आणि घरी आल्यावर फोटो फिकट का आले, म्हणून लेन्सला दोष देतात.

मग त्या काळ्या कोपऱ्याचं काय करायचं? आधी तो नीट ओळखायचा. जवळचा फोकस केला की तो मोठा होतो. एक तर लेन्स पुढे सरकते, आणि दोन खिडक्यांमधला फरक भरून काढण्यासाठी फ्रेमची चौकटही खाली उजवीकडे, म्हणजे नेमकी लेन्सच्या दिशेने सरकते. ३५ मिमीची चौकट ५० मिमीपेक्षा बाहेरपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे तिथे जाडजूड लेन्स जास्त नडते. कॅमेरा उभा धरताना उजवा हात वर घेतला तर झाकलेला कोपरा वर उजवीकडे जातो. उजवा हात खाली घेतला तर तो खाली डावीकडे येतो. चेहरा टिपायचा असेल तर दुसरी पद्धत बरी.

दुसरा उपाय हूडमध्येच आहे. रेंजफाइंडरसाठीच्या अनेक हूडना बाजूने खाचा कापलेल्या असतात. त्या शोभेसाठी नाहीत. त्यांतून झाकलेल्या कोपऱ्याचा काही भाग दिसतो. तिसरा उपाय अगदी फुकट : फोटो घेण्यापूर्वी डोळा क्षणभर खिडकीवरून उचलायचा आणि त्या कोपऱ्यात कुणाची चप्पल, कुणाचं डोकं नाही ना, ते पाहून घ्यायचं. आणि रात्री दिव्यांसमोर काचेवरचा फिल्टर काढून ठेवावा. सपाट काचेवरून दिव्यांची भुतं फोटोत उमटतात, आणि तीही खिडकीत दिसत नाहीत.

अशा लेन्सचा आणखी एक हिशेब खिडकी सांगत नाही. ५० मिमी लेन्सने १ मीटरवर एफ १ ला फोकस केला, तर नेहमीच्या गणिताप्रमाणे जेमतेम २.४ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणजे पुढे-मागे साधारण सव्वा सेंटिमीटर. फोकसचा चौकोन मध्यभागी असल्यामुळे डोळ्यांवर फोकस करून कॅमेरा बाजूला वळवला जातो. हे वळणं १० अंशांचं असेल, तरी फोकस जवळजवळ दीड सेंटिमीटर मागे सरकतो आणि डोळे हुकतात. खिडकीत मात्र सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. एफ २ ला हाच पट्टा दुप्पट होतो आणि ती चूक पोटात घेतो. त्यामुळे एफ १ वापरायचं तर माणूस मध्याजवळ ठेवावा, नाहीतर फ्रेम ठरवून झाल्यावर स्वतःच किंचित मागे झुकावं.

म्हणूनच अशा लेन्सवर काही लाख रुपये घालण्यापूर्वी एक संध्याकाळ जवळच्या साध्या एफ २ किंवा एफ १.७ लेन्ससोबत घालवावी. डिजिटल बॉडी असेल तर आयएसओ वाढवून बरंच काम भागतं. ४०० आयएसओच्या फिल्मवर मात्र मोठ्या काचेला खरंच पर्याय कमी आहे.

आणि हूड हवं की नको, हा वाद घरीच मिटतो. देवघरात निरांजन लावा आणि एक उघडा बल्ब फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा. एक फोटो हूड लावून घ्या, एक काढून. मग दोन्ही शेजारी ठेवून मागचा काळोख किती काळा आला आहे, ते पाहा. खिडकीने लपवलेलं सगळं तिथे दिसेल.